प्रथिनाचा श्रीगणेशा कसा होतो?

जनुकातील मजकूर केंद्रकातील डीएनएमध्ये असतो, तर प्रथिने तयार होतात ती केंद्रकाबाहेर, रायबोसोम नावाच्या सूक्ष्म यंत्रणेवर. त्यामुळे त्या मजकुराची एक प्रत संदेशवाहक आरएनए या रेणूच्या रूपाने आधी बाहेर यावी लागते. ए, यू, जी आणि सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला हा संदेश रायबोसोम तीन-तीन अक्षरांच्या गटांनी, म्हणजेच त्रिकांनी वाचतो आणि प्रत्येक त्रिकागणिक एक ठरावीक अमिनो आम्ल साखळीत जोडत जातो. मात्र त्रिकांच्या मध्ये मोकळी जागा किंवा विरामचिन्ह नसते, आणि शब्द न तोडता सलग लिहिलेला मोडी कागद वाचताना येणारी अडचण येथेही उभी राहते. 'एयूजीजीसीयू' ही सहा अक्षरे पहिल्यापासून वाचली तर मेथिओनिन व अॅलॅनिन ही अमिनो आम्ले मिळतात. वाचन एका अक्षराने पुढे सरकले तर पहिलेच त्रिक 'यूजीजी' होऊन ट्रिप्टोफॅन येते आणि तेथून पुढे सगळा मजकूरच बदलतो. वाचन कोठून सुरू करायचे, या प्रश्नाला पेशीच्या लेखी एवढे महत्त्व आहे ते यामुळेच.

बहुतेक प्रथिनांचा आरंभ 'एयूजी' या त्रिकाने होतो. पण हेच त्रिक संदेशाच्या मध्यभागीही येत असल्याने केवळ त्यावरून आरंभाची जागा ठरत नाही. जीवाणूंनी या पेचातून काढलेला मार्ग जॉन शाइन आणि लिन डालगार्नो या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 1974 मध्ये दाखवला: आरंभाच्या 'एयूजी'पूर्वी काही अक्षरे अलीकडे 'एजीजीएजीजी' यासारखा एक तुकडा असतो आणि तो रायबोसोमच्या लहान भागातील आरएनएच्या टोकाशी जुळत असल्यामुळे रायबोसोम नेमक्या जागी बसतो.

मानवी पेशींची रीत निराळी आहे. येथे संदेशाच्या सुरुवातीच्या टोकावर एक रासायनिक टोपी असते, ती आरंभक घटक म्हणवणारी काही प्रथिने ओळखतात आणि आरएनएला पडलेल्या घड्या उलगडून रायबोसोमच्या लहान भागाला वाट करून देतात. मेथिओनिन वाहून आणणारा वाहक आरएनए या लहान भागावर आधीच बसलेला असतो. तो भाग टोपीकडून पुढे सरकत 'एयूजी' शोधतो, ही कल्पना मॅरिलिन कोझॅक यांनी 1978 मध्ये मांडली. पुढे 1987 मध्ये पृष्ठवंशी प्राण्यांचे 699 संदेश तपासून त्यांनी आरंभाभोवतीच्या अक्षरांचा साचा निश्चित केला. 'एयूजी'च्या तीन अक्षरे आधी ए किंवा जी आणि लगेच नंतर जी असेल, तर ती जागा सहसा चुकत नाही. जागा पक्की झाली की आरंभक घटक बाजूला होतात, रायबोसोमचा मोठा भाग येऊन जोडला जातो आणि मगच साखळी वाढू लागते.

उत्पादन थांबवायचे झाल्यास तेही पेशी मुख्यतः याच टप्प्यावर थांबवते. रक्तपेशी घडत असताना लोह कमी पडले की हिमोग्लोबिनमधील हीम हा लोहयुक्त घटक अपुरा पडतो. तेव्हा एक विकर वाहक आरएनएला रायबोसोमवर आणणाऱ्या आरंभक घटकाला फॉस्फेट जोडून निकामी करते, जेणेकरून हीमवाचून निरुपयोगी ठरणाऱ्या ग्लोबिन या प्रथिनाचा ढीग साचू नये. पोलिओचा विषाणू तर या व्यवस्थेवरच डल्ला मारतो: टोपीशी संबंधित एक आरंभक घटक तो तोडून टाकतो आणि स्वतःच्या टोपीविना असलेल्या आरएनएवर रायबोसोमला थेट आतल्या जागी उतरवतो.

आरंभाचे हे महत्त्व आजारातही दिसते. 'एयूजी'च्या आधीची केवळ दोन अक्षरे गळाल्यामुळे अल्फा थॅलेसेमिया झाल्याची नोंद 1985 मध्ये प्रसिद्ध झाली. अल्फा ग्लोबिनचा मजकूर तेथे अबाधित होता, पण रायबोसोमला त्याची सुरुवात नीट ओळखता येत नसल्याने प्रथिन कमी पडत होते. त्याच अल्फा ग्लोबिनच्या संदेशातील आरंभापूर्वीचा भाग आणि कोझॅक यांच्या साच्यातील अक्षरे यांचा आधार पुढे फायझर-बायोएनटेकच्या कोविड लशीचा आरएनए रचताना घेतला गेला, कारण लशीतला मजकूर कितीही अचूक असला तरी रायबोसोमने तो योग्य जागेपासून आणि पुरेशा वेळा वाचला, तरच तिचा उपयोग होणार होता.