नऊला झोपलं म्हणून काय झालं?

"टिळकांना मधुमेह होता, तरी त्यांनी तुरुंगात गीतारहस्य लिहिलं. आणि तुम्ही सांधे दुखले की आडवे!" ज्या रत्नागिरीत टिळक आळी आहे, तिथे आजाऱ्याला हे ऐकावं लागणारच. पण मंडालेच्या त्या तुरुंगवासात, १९०८ ते १९१४ या काळात, टिळकांनी मधुमेहासाठी खाण्याचं कडक पथ्य पाळलं होतं. दुसरा इलाजही नव्हता. ते १९२० साली गेले, इन्सुलिनचा शोध १९२१ मधला. त्यांचा दाखला द्यायचाच तर पथ्यासाठी द्यावा. वेळेवर झोपणं हेही पथ्यच.

"दिसते तर ठणठणीत!" हा दुसरा गैरसमज. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. त्या दाहात तयार होणाऱ्या रसायनांचा परिणाम मेंदूवरही होतो, त्यामुळे बोटं सुजलेली नसतानाही अंगातलं त्राण जातं. दिवसभराच्या कामाचा शीण रात्रभर झोपलं की जातो. आमवाताचा थकवा तसा जाईलच असं नाही.

"सणाचा एक दिवस रेटायचं, मग आहेच आराम." रत्नागिरीत हे सर्वांत महागात पडतं, कारण आपले सण रात्रीचे. शिमग्यात पालखीची वाट बघत जागायचं, गणपतीत आरती नि जाखडी लांबत जाते. बरं वाटतंय म्हणून सकाळीच घर झाडून, नारळ खवून, पन्नास मोदक वळून झाले की पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणात जातात. यावर उपाय साधा आहे, पण तो मनाला पटत नाही: दमण्याआधी बसायचं. नारळ आदल्या दिवशी खवून ठेवावा, पाऱ्या दुसऱ्या कोणी कराव्यात, आंघोळ आणि स्वयंपाक यांत अर्धा तास मोकळा ठेवावा. चांगल्या दिवशीही काम जरा उरलेलं असतानाच थांबावं. हेच सर्वांत अवघड. घरच्यांनी टोकलं नाही तर निम्मं सोपं होतं.

"मांडवीच्या किनाऱ्यावर रोज फिरायला जा, थकवा पळेल." आमवातात हे बऱ्याच अंशी खरं आहे, झेपेल तेवढ्या नियमित व्यायामाने थकवा कमी होतो. मात्र क्रॉनिक फटीग सिंड्रोममध्ये जास्त श्रमाचा फटका एक-दोन दिवसांनीही बसतो नि आजार बळावतो. ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार या रुग्णांना देऊ नये, असं ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ साली स्पष्ट केलं. तेव्हा सल्ला देण्याआधी आजार कोणता ते विचारावं.

झोपेचंही तसंच. आठलाच अंथरुणावर पडून कूस बदलत राहण्यात अर्थ नाही. झोप आली की झोपावं, उठण्याची वेळ मात्र रोज एकच ठेवावी आणि सकाळचं ऊन अंगावर घ्यावं. संध्याकाळनंतर चहा नको. स्टेरॉइडची गोळी रात्री घेतली तर झोप उडू शकते, म्हणून ती बहुधा सकाळी देतात. वेळ डॉक्टरांना विचारूनच बदला.

आणि सगळा थकवा जुन्या दुखण्याच्या माथी मारू नका. तो अचानक वाढला तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या. घोरताना श्वास अडकत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.