प्ररोचना आणि रहस्य : थरारपटाच्या ट्रेलरमधील प्रकारसंकेत

१

संस्कृत नाट्यशास्त्राने प्रयोगाच्या आरंभी घडणाऱ्या ज्या गोष्टींची नोंद केली आहे, त्यांत 'प्ररोचना' ही एक होय. भारती वृत्तीच्या चार अंगांत तिची गणना होते. धनंजयाच्या 'दशरूपका'त तिचे कार्य मोजक्या शब्दांत सांगितले आहे : प्रशंसेच्या द्वारे श्रोत्यांना प्रयोगाकडे उन्मुख करणे. चित्रपटाच्या व्यवसायात हे कार्य ट्रेलर करतो. या शब्दाचा मूळ अर्थ मागून ओढत येणारी वस्तू असा आहे, कारण आरंभीच्या काळात आगामी चित्रपटाची झलक मुख्य चित्रपट संपल्यावर दाखवली जाई. १९१३ मध्ये न्यूयॉर्कमधील लो यांच्या चित्रपटगृहांत निल्स ग्रानलुंड यांनी 'द प्लेझर सीकर्स' या रंगभूमीवरील संगीतिकेच्या जाहिरातीसाठी एक लहानशी फिल्म दाखवली. ट्रेलरच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः तेथून मानण्यात येतो. पुढे ही झलक चित्रपटाच्या आधी दाखवली जाऊ लागली, परंतु नाव मात्र जुनेच राहिले.

संगीतप्रधान चित्रपटाच्या ट्रेलरपुढे विशेष अडचण नसते. त्यातील एखाद्या गीताचा तुकडा ऐकवला, तरी चित्रपटगृहात ते गीत पूर्ण ऐकण्याचा आनंद कमी होत नाही, किंबहुना वाढतो. थरारपटाची स्थिती मात्र वेगळी आहे. प्रेक्षकाला काहीतरी माहीत नसणे, हेच त्याचे भांडवल होय. ते भांडवल दाखवावे तर खर्ची पडते. न दाखवावे तर प्रेक्षक येत नाही. हा पेच सोडवण्याचे जे साधन ट्रेलरकाराच्या हाती असते, ते म्हणजे प्रकाराचे संकेत. हे संकेत ट्रेलरमध्ये कसे वापरले जातात, आणि त्यांच्या योगे दाखवणे व लपवणे ही परस्परविरोधी कार्ये एकाच वेळी कशी साधतात, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

'संकेत' म्हणजे केवळ पुनरावृत्तीने झिजलेली क्लृप्ती नव्हे. लेखक आणि वाचक, दिग्दर्शक आणि प्रेक्षक यांच्यात कालौघात झालेला तो एक अलिखित करार असतो. हान्स रोबेर्ट याउस यांनी १९६७ मध्ये मांडलेली 'अपेक्षा-क्षितिजा'ची कल्पना येथे उपयोगी पडते. कोणतीही कृती वाचकापुढे रिकाम्या अवकाशात येत नाही. त्या प्रकारातील आधीच्या कृतींनी वाचकाच्या मनात काही अपेक्षा रुजवलेल्या असतात, आणि नवी कृती त्यांच्या पार्श्वभूमीवरच अर्थपूर्ण होते. दोन-अडीच मिनिटांच्या ट्रेलरला पात्रे उभी करण्यास किंवा कथानक रचण्यास अवसर नसतो. त्यामुळे या क्षितिजावर तो जितका विसंबून राहतो, तितका दुसरा कोणताही चित्रपटीय प्रकार क्वचितच राहत असेल. निर्जन रस्ता, जिन्याच्या टोकाशी असलेला बंद दरवाजा, वाजत राहिलेला टेलिफोन, मध्येच तुटलेले संगीत, काळा पडदा आणि त्यानंतरचा अनपेक्षित आवाज : यांतील प्रत्येक चिन्ह प्रेक्षक क्षणार्धात ओळखतो, कारण ते वाचावयास तो आधीच शिकलेला असतो.

त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ मधील आपल्या निबंधात गुन्हेकथेच्या प्रकारांची जी मीमांसा केली, तीतून आणखी एक भेद हाती लागतो. आस्थेचे दोन मार्ग त्यांनी सांगितले आहेत. एक कुतूहल : परिणाम समोर असतो आणि मन कारणाकडे मागे जाते. दुसरा उत्कंठा : कारण समोर असते आणि मन परिणामाकडे पुढे धावते. थरारपटाच्या ट्रेलरचे वैशिष्ट्य असे की तो दोहोंचे तुकडे देतो. प्रेत दिसते, पण मारेकरी दिसत नाही. उगारलेला हात दिसतो, पण तो कोणावर पडला हे दिसत नाही. कारणांची आणि परिणामांची चिन्हे मुबलक असतात. राखून ठेवला जातो तो त्यांना जोडणारा दुवा. म्हणूनच थरारपटातील रहस्य म्हणजे त्याचा शेवट असे न मानता, ते म्हणजे हा दुवा असे मानणे अधिक युक्त होईल.

३

या दृष्टीने आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'सायको' (१९६०) या चित्रपटाचा ट्रेलर अभ्यासण्याजोगा आहे. तो सुमारे साडेसहा मिनिटांचा असून, शेवटचे काही क्षण वगळता त्यात स्वतः हिचकॉकच वावरतात. १९५५ पासून दूरचित्रवाणीवरील आपल्या मालिकेमुळे ते अमेरिकी घराघरांत परिचित झाले होते. भयंकर गोष्ट निर्विकार चेहऱ्याने, किंचित मिस्किलपणे सांगणारा गृहस्थ ही त्यांची प्रतिमा हाच तोवर एक संकेत बनला होता. ट्रेलरमध्ये ते एखाद्या स्थळदर्शकाप्रमाणे प्रेक्षकाला आडरस्त्यावरचे मोटेल आणि त्यामागील जुने घर हिंडवून दाखवतात. पार्श्वसंगीत सुरुवातीला हलकेफुलके आहे. येथे खून होऊन गेले आहेत, ही गोष्ट ते पर्यटकाला इतिहास सांगावा तशा भूतकाळात सांगतात. जिन्याच्या वरच्या टोकाशी काय घडले, देह कसा खाली कोसळला, याचे वर्णन सुरू होते आणि अर्धवट सुटते. शयनगृहातील कपाट उघडले जाते, बिछान्यावर उमटलेला देहाचा ठसा दाखवला जातो. कार्यालयामागील खोलीतील भिंतीवरच्या चित्राला फार महत्त्व आहे असे सांगता सांगता ते थांबतात आणि पुढे निघतात. अखेरीस ते स्नानगृहात येतात, पडदा बाजूला ओढतात, आणि एका स्त्रीची किंकाळी व तंतुवाद्यांचा कर्कश आघात यांसरशी चित्रपटाचे नाव पडद्यावर उमटते.

या ट्रेलरने काय सांगितले आणि काय राखले, याचा हिशेब मांडून पाहिला म्हणजे त्यातील चातुर्य ध्यानात येते. घटनास्थळे त्याने लपवली नाहीत : स्नानगृह आणि जिना ही दोन्ही स्थळे प्रेक्षक आधीच पाहून ठेवतो. खुनांची संख्या एकाहून अधिक आहे, हेही त्याने सूचित केले. एका हुकमत गाजवणाऱ्या स्त्रीविषयी आणि तिच्या दडपणाखालील मुलाविषयी तो सहानुभूतीच्या स्वरात बोलतो, आणि त्या योगे प्रेक्षकाच्या संशयाला एक सोयीची दिशा मिळते. चित्रपटाच्या पूर्वार्धाला गती देणारी चाळीस हजार डॉलरांची चोरी मात्र त्यात कोठेही नाही. तसेच, पहिला बळी कोण, हे तो सांगत नाही. पडद्यामागे किंचाळणारी स्त्री ही चित्रपटाची नायिका जॅनेट ली नसून, केसांचा टोप घातलेली व्हेरा माइल्स आहे. चित्रपटात याच अभिनेत्रीने नायिकेच्या बहिणीची भूमिका केली आहे.

या शेवटच्या गोष्टीत संकेताचा सर्वांत सूक्ष्म उपयोग आढळतो. जॅनेट लीसारखी ख्यातनाम अभिनेत्री ज्या चित्रपटात आहे, त्यात ती अखेरपर्यंत वावरणार, हा त्या काळच्या व्यावसायिक चित्रपटाचा इतका दृढ संकेत होता की कोणी तो शब्दांत मांडण्याचीही आवश्यकता नव्हती. चित्रपटाने तो निम्म्यावर येण्यापूर्वीच मोडला. ट्रेलरने तो मोडला नाही. उलट त्याच्या आडोशाला दुवा लपवला. स्नानगृह धोक्याचे आहे हे जाणूनही प्रेक्षक नायिकेच्या बाबतीत निश्चिंत राहतो, कारण त्याला निश्चिंत राहण्याची सवय लागलेली असते. म्हणजे संकेत केवळ ओळख पटवण्यासाठी नसतो. प्रेक्षकाची नजर जेथे सहसा जात नाही, अशी जागाही तो निर्माण करतो.

फ्रांस्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या प्रसिद्ध संभाषणांत हिचकॉक यांनी विस्मय आणि उत्कंठा यांतील भेद टेबलाखालील बाँबच्या उदाहरणाने स्पष्ट केला होता. बाँब अकस्मात फुटला तर क्षणभराचा विस्मय. तो तेथे आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत असेल, तर तेवढा सगळा वेळ उत्कंठेचा. 'सायको'चा ट्रेलर हा प्रेक्षकाला आगाऊ दाखवलेला बाँब आहे. मात्र त्याच्याभोवती कोण बसलेले असणार, हे त्याने सांगितलेले नाही.

४

भारतीय परंपरेत याला समांतर असे जुने उदाहरण विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त सापडते. शृंगाराला जवळजवळ थारा नसलेले, हेरगिरी, बनावट पत्र आणि मुद्रा यांवर उभारलेले हे राजकारणाचे नाटक आहे. त्याच्या प्रस्तावनेत सूत्रधार घरी येतो, तेव्हा ग्रहणानिमित्त ब्राह्मणभोजनाची तयारी चाललेली असते. चंद्राला ग्रासू पाहणाऱ्या क्रूर ग्रहाविषयी तो बोलू लागतो, तोच पडद्याआडून चाणक्याचा क्रुद्ध आवाज येतो : आपण असताना चंद्राला पराभूत करू पाहणारा हा कोण? श्लेषामुळे आकाशातील चंद्र हा चंद्रगुप्त होतो, ग्रहाच्या नावात मलयकेतू ऐकू येतो, आणि क्षणापूर्वीचे घरगुती वातावरण संशयाने भरून जाते. पडद्याआडचा आवाज, अर्धवट तोडलेले वाक्य, हलक्या सुरावरून भयाकडे एकाएकी वळणे : हिचकॉक यांच्या ट्रेलरमधील तीनही युक्त्या येथे आहेत. या दोहोंत कोणताही ऐतिहासिक संबंध नाही. समान पेचातून समान उपाय निघाले, एवढेच म्हणता येईल.

हिंदी रहस्यपटाने या संकेतांत स्वतःची भर घातली. कमाल अमरोही यांच्या 'महल' (१९४९) मध्ये दुरून जवळ येत जाणारे लता मंगेशकर यांचे गीत हे गूढ स्त्रीच्या अस्तित्वाचे चिन्ह झाले. 'बीस साल बाद' (१९६२) आणि 'वह कौन थी' (१९६४) यांनी ते चिन्ह रूढ केले. १९६७ मध्ये विविध भारतीवर व्यापारी सेवा सुरू झाल्यानंतर अमीन सयानी आदींच्या निवेदनाने चित्रपटांचे जे प्रायोजित कार्यक्रम होत, ते एका अर्थी केवळ कानांसाठीचे ट्रेलरच होते. संवादाचा तुकडा, गीताची ओळ आणि निवेदकाचा अनुत्तरित प्रश्न एवढ्यावर ते श्रोत्याला उन्मुख करीत. दृश्य नसल्यामुळे दुवा लपवणे त्यांना सुलभ जाई.

५

संकेत रूढीत गोठला म्हणजे काय होते, याचीही उदाहरणे आहेत. 'इन्सेप्शन' (२०१०) च्या प्रचारात ऐकू आलेला पितळी वाद्यांचा घनगंभीर आघात पुढे इतक्या ट्रेलरांनी उचलला की त्याने भय सूचित होण्याऐवजी केवळ 'हा ट्रेलर आहे' एवढेच सूचित होऊ लागले. तथापि यापेक्षा गंभीर दोष दुवाच उघड करण्याचा आहे. रॉबर्ट झेमेकिस यांच्या 'व्हॉट लाइज बिनीथ' (२०००) या चित्रपटाचा पूर्वार्ध प्रेक्षकाला शेजारच्या घरातील संशयास्पद घटनांकडे वळवतो; खरे मूळ नायिकेच्या पतीच्या पूर्वायुष्यात आहे, हे बऱ्याच उशिरा कळते. ट्रेलरने मात्र पतीची ती चूक आरंभीच सांगून टाकली. परिणामी ज्या प्रेक्षकाने ट्रेलर पाहिला, त्याच्यासाठी पूर्वार्ध निष्फळ प्रतीक्षा झाला.

आपण काय पाहणार हे प्रेक्षकाला आधी कळलेले आवडते, असे यावर म्हटले जाते. २०११ मध्ये लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही, कथेचा शेवट आधी कळलेल्या वाचकांचा आनंद कमी झाल्याचे आढळले नाही. हा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही; परंतु तो शेवटाविषयी आहे. 'मुद्राराक्षसा'च्या प्रेक्षकालाही चंद्रगुप्ताचे राज्य टिकले हे ठाऊक असणारच. राक्षसासारखा निष्ठावंत शत्रू त्या राज्याचा अमात्य कोणत्या वाटेने होतो, याची त्याला उत्सुकता असते. शेवट कळूनही वाट चालण्यासारखी राहते. वाटेवरची प्रत्येक खूण कोठे नेते हे आधीच सांगितले, तर चालण्यासारखे काही उरत नाही.

यावरून ट्रेलरकाराच्या कर्तव्याची मर्यादा ठरवता येते. संकेत त्याने मोकळ्या हाताने द्यावेत, कारण त्यांच्यावाचून प्रेक्षक प्रकार ओळखणार नाही. संशयाला एखादी दिशा देण्याचीही त्याला मुभा आहे, कारण ते या प्रकाराच्या कराराला धरूनच आहे. मात्र जे चित्रपटात नाहीच त्याचे आश्वासन देणे, आणि जे चित्रपटाने जपून ठेवले आहे ते त्याच्या आधी उघड करणे, हे दोन्ही कराराचे भंग होत. पहिल्याने प्रेक्षकाची फसवणूक होते, दुसऱ्याने दिग्दर्शकाची. 'सायको' सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये असा दंडक हिचकॉक यांनी चित्रपटगृहांना घालून दिला होता. त्याला जाहिरातीची क्लृप्ती म्हणणे चुकीचे नाही. पण उशिरा येणाऱ्या प्रेक्षकाचे नेमके काय हरवते, हे तो घालणाऱ्याला ठाऊक होते.