फोटोतल्या शेरवानीत काय पाहावे?

ईद झाली की आपल्या घरांत निकाह आणि वलीम्याची गडबड सुरू होते. नवरीच्या जोड्यांवर महिनोन्‌महिने चर्चा चालते, मुलाच्या कपड्यांचे मात्र एका वाक्यात उरकते. मोबाईलवर एखाद्या नटाचा फोटो पुढे करून तो म्हणतो, "मला असाच हवा." आणि घरातले सगळे दुकानाची वाट धरतात.

आमच्या घरीही असेच झाले. पुतण्याने पसंत केलेली शेरवानी जरीकामाने जड झालेली होती. निकाह मे महिन्यातला, उकाडा कोकणातला आणि आत पॉलिस्टरचे अस्तर. मशिदीत खाली बसायची वेळ आली तेव्हा मुलाला बसताच येईना. शेवटी चार बटणे सोडावी लागली. पावसाळ्याआधी घराच्या छपरासाठी भाईजानांनी बाजूला ठेवलेले पैसे त्या शेरवानीत गेले होते. त्या पावसात छप्पर गळले. शेरवानी मात्र तेव्हापासून कपाटात टांगलेली आहे.

आम्ही मुलाला दोष देत नाही. नामवंत माणसांच्या कपड्यांकडे पाहण्यात गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच की त्या फोटोत काय पाहायचे, हे आम्ही त्याला कधी सांगितलेच नव्हते.

आधी खांदा, मग कापड

मौलाना अबुल कलाम आझाद किंवा डॉ. झाकीर हुसेन यांची जुनी छायाचित्रे पाहा. डॉ. झाकीर हुसेन १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले, तेव्हाही त्यांची ओळख शेरवानीच होती. एकरंगी, साधे कापड. जर नाही की चमक नाही. तरीही रुबाब दिसतो, कारण शेरवानी अंगाला नीट बसलेली असते.

कोट असो की शेरवानी, खांद्याची शिवण खांद्याचे हाड संपते तिथेच यायला हवी. कंबर आत घेता येते, बाही आखूड करता येते. पण खांदा चुकला तर तो दुरुस्त करणे अवघड आणि महागही. भाड्याने शेरवानी आणणाऱ्यांनीही आधी खांदा पाहावा, नक्षी नंतर. कोटाच्या बाहीखाली शर्टाची कफ साधारण अर्धा इंच दिसली पाहिजे. दोन बटणांच्या कोटाचे फक्त वरचे बटण लावावे आणि बसताना तेही सोडावे.

एक रंग पुरे

अमेरिकन अभिनेते माहेरशाला अली हे अभिनयासाठी ऑस्कर मिळवणारे पहिले मुस्लिम. २०१७ च्या त्या समारंभात ते काळ्या सुटाखाली काळाच शर्ट घालून आले होते. २०१९ मध्ये दुसरे ऑस्कर घेतानाही सूट काळाच आणि डोक्यावर काळी टोपी. झगमगाटात साधा माणूस उठून दिसतो, तो असा.

आपल्यासाठी काळाच रंग हवा असे नाही. गडद निळा किंवा राखाडी रंग दिवसाच्या वलीम्यालाही चालतो आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीलाही. बूट आणि पट्टा एकाच रंगाचे असावेत. मोजे पँटच्या रंगाचे आणि इतके उंच असावेत की बसल्यावर पोटरी उघडी पडू नये.

गळ्याशी मोकळीक

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम राष्ट्रपती झाले तेव्हा त्यांच्यासाठी गळ्याशी थोडा उघडा असलेला बंदगळा शिवला गेला. लोक त्याला 'कलाम सूट' म्हणू लागले. देशाच्या सर्वोच्च पदावरही कपडा माणसाच्या सोयीने बेतला गेला, हा त्यातला धडा. बंद गळ्याची पट्टी लावल्यावर आत एक बोट सहज गेले पाहिजे. उन्हाळ्यातल्या लग्नासाठी अस्तर सुती घ्यावे.

जुने ते लाजिरवाणे नव्हे

ब्रिटनचे राजे चार्ल्स २०१८ मध्ये धाकट्या मुलाच्या लग्नात जो लांब कोट घालून गेले, तो १९८४ साली शिवलेला होता. चौतीस वर्षांचा कोट! ज्यांना रोज नवा शिवता येईल ते जुना घालतात आणि आपण मात्र एका संध्याकाळीसाठी कर्ज काढतो. शिंप्याला शिवणीत दोन्ही बाजूंनी माया ठेवायला सांगा. पुढे अंग भरले तरी कपडा उसवून वाढवता येतो.

काय सोडावे

२०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट गालाला शाहरुख खान सब्यसाचीच्या लांब काळ्या लोकरी कोटात गेले. गळ्यात साखळ्या आणि 'के' अक्षराचे मोठे पदक होते. त्या कोटाची सरळ रेघ जरूर पाहावी. दागिने तिथेच सोडावेत. पुरुषांसाठी सोने आणि शुद्ध रेशीम वर्ज्य आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असते, पण लग्नाच्या खरेदीत विसरले जाते. आपल्या पूर्वजांनी यातूनही देखणी वाट काढली होती. मशरू या कापडात वरचा पदर रेशमाचा आणि अंगाला लागणारी बाजू सुताची असते. नावाचा अर्थच 'परवानगी असलेले'. औरंगाबादचा हिमरूही सूत आणि रेशीम मिळून विणला जातो. कापडाबद्दल शंका असेल तर खरेदीआधी आलिमांना विचारावे.

ट्रायलच्या वेळी

शिंप्याकडे नुसते आरशासमोर उभे राहून भागत नाही. तिथेच खाली बसून पाहा, हात वर करा, रुकूइतके वाका, सजद्याइतके झुका. पाठ उघडी पडते का, शिवण ताणते का, गळा आवळतो का? निकाहच्या दिवशी नमाजही याच कपड्यांत पढायची आहे.

यंदा धाकट्या पुतण्याचा निकाह ठरला. या वेळी आम्ही पेटीतून त्याच्या दादाजींची राखाडी शेरवानी काढली. शिंप्याने खांदा पाहिला आणि मान हलवली. खांदा बसत होता. कंबर आत घेतली, अस्तर नवे सुती लावले, बटणे बदलली. निकाहला मुलगा मांडी घालून निवांत बसला होता. पाहुण्यांपैकी दोघांनी तरी विचारले, कुठून शिवली?

भाईजानांनी यंदा पावसाआधी छप्परही नीट करून घेतले.