‘ही सही माझी नव्हे’

बंगालमध्ये भागीरथीच्या काठी जंगीपूर नावाचे गाव आहे. १८५८ सालच्या जुलै महिन्यात तेथे विल्यम हर्शेल नावाचा एक तरुण मुलकी अधिकारी रस्त्याच्या खडीचा ठेका देत होता. राज्यधर कोनाई या ठेकेदाराने करारनामा स्वतःच्या हाताने लिहिला होता व तो त्यावर रीतसर सही करणार, इतक्यात हर्शेलच्या मनात एक कल्पना आली. कचेरीच्या शिक्क्यासाठी घरीच तयार केलेली तेलाची शाई त्याने कोनाईच्या तळहाताला व बोटांना फासली आणि सबंध पंजाचा ठसा त्या कराराच्या पाठीवर उमटवून घेतला. बोटांचे ठसे हे माणसाची खात्रीलायक ओळख ठरू शकतात, हे शास्त्र तेव्हा कोणासच अवगत नव्हते. हर्शेलला स्वतःलाही नव्हते. आपला हेतू काय होता, हे त्याने पुढे म्हातारपणी लिहून ठेवले आहे. ‘ही सही माझी नव्हे’ असे म्हणण्याचा विचारच या ठेकेदाराच्या मनातून पळून जावा, एवढाच तो होता.

व्यवहार करावयाचा आणि अंगाशी आला की तो केलाच नाही असे म्हणावयाचे, ही खोड व्यापाराइतकीच जुनी आहे. तेव्हा तिच्यावरचे उपायही जुनेच असणार. आपल्याकडील महजर ज्यांनी पाहिले असतील त्यांना आठवेल की, लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगराची निशाणी करी. कागदाच्या लांब बंदांना जोड दिलेला असे, त्या जोडावर पाठीमागून शिक्के उठविलेले असत, म्हणजे मधला एखादा बंद काढून दुसरा घालता येऊ नये. मजकूर संपला की तेथे मोर्तब होई. येथे लेखाची मर्यादा झाली, यापुढे एक अक्षरही वाढविणे नाही, असा त्याचा अर्थ. माणूस कोण, मजकूर कोणता आणि तो कोठे संपला, या तीनही गोष्टी आपल्या पूर्वजांनी निरनिराळ्या बांधून ठेवल्या होत्या, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता संगणकावरील व्यापाराकडे वळू. कोइमतूरच्या कारखानदाराने पंपांची मागणी इंदूरच्या व्यापाऱ्याकडून स्वीकारली. दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही. पंपांच्या किमती उतरल्या, की व्यापारी म्हणणार, मी अशी मागणी केलीच नाही. त्या चढल्या, की कारखानदार म्हणणार, मागणीपत्र मला पोचलेच नाही. आणि तिसरी नाकबुली सर्वांत चतुर : पत्र माझेच, परंतु मी शंभर पंप लिहिले होते, हजार नव्हे. कागद असता तर खाडाखोड दिसली असती, शाई निराळी दिसली असती. संगणकात एका शून्याची भर घातली तर मागे ओरखडाही उरत नाही. मूळ प्रत आणि नक्कल यांत तेथे भेदच नसतो.

या अडचणीतून जो मार्ग निघाला, त्याची कल्पना १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी मांडली, आणि ती प्रत्यक्षात उतरविण्याची रीत रिव्हेस्ट, शमीर व एडलमन या तिघांनी १९७८ साली प्रसिद्ध केली. तिचे तत्त्व असे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे आहे. पण नुसता गुणाकार हाती देऊन त्या दोन संख्या शोधावयास सांगितल्या, तर आज वापरात असलेल्या सहाशेहून अधिक अंकी संख्येपुढे आजचे संगणक हात टेकतात. या एकेरी वाटेवरून दोन किल्ल्या तयार होतात. एक मालकाने स्वतःजवळ गुप्त ठेवावयाची; दुसरी खुशाल गावभर वाटावयाची. गुप्त किल्लीने सही होते आणि उघड किल्लीने ती खरी की खोटी हे कोणासही पडताळता येते. परंतु उघड किल्लीवरून गुप्त किल्ली हुडकता येत नाही.

त्यात आणखी एक योजना आहे. सही करण्यापूर्वी सबंध मजकुराचा गणिताने एक गोषवारा काढतात. गोषवारा म्हटल्यावर सारांश आठवेल, पण हा तसला नव्हे. मजकूर एका ओळीचा असो वा हजार पानांचा, हा नेहमी तेवढ्याच लांबीचा आकडा असतो, आणि मजकुरातील एक स्वल्पविराम हलविला तरी तो ओळखू न येण्याइतका बदलतो. सही होते ती या आकड्यावर. म्हणून शंभराचे हजार केले की सही जुळतच नाही. हाताची सही सर्व कागदांवर सारखीच असावी लागते. अंकीय सही प्रत्येक कागदावर निराळी असते, कारण तो कागदच तिच्यात मिसळलेला असतो. जोडावरचा शिक्का आणि मोर्तब ही दोन्ही कामे येथे एकाच क्रियेत साधली आहेत.

मोबाइलवर बँकेकडून येणारा सहा आकडी सांकेतिक अंक हीदेखील सहीच नाही का, असे अनेकजण विचारतात. तो निर्माण करणारी बँक, पाठविणारी बँक, आणि तो बरोबर भरला गेला अशी नोंद ठेवणारीही बँकच. जे गुपित दोघांना ठाऊक आहे, त्याच्या आधारे दोघांपैकी कोणी काय केले, हे तिसऱ्या माणसापुढे सिद्ध होत नाही. केवळ हिशेबाच्या वहीतील नोंदीवरून कोणावर देणे लादता येणार नाही, असे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने सांगितले होते व २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही तो नियम कायम ठेवला आहे. सावकाराच्या वहीविषयी जी सावधगिरी, तीच संगणकातील नोंदवहीविषयी का नसावी, हे मला कळत नाही. सांकेतिक अंक चोराला अडविण्यासाठी चांगला आहे. वाद मिटविण्यासाठी तो दुबळा आहे.

तथापि गणिताने सिद्ध होते ते एवढेच की, अमुक किल्लीने अमुक मजकुरावर सही झाली. ती किल्ली कोणाची, हे गणित सांगत नाही. यासाठी आपल्याकडे २००० साली माहिती तंत्रज्ञान अधिनियम झाला. तो १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. त्यानुसार प्रमाणन करणाऱ्या संस्थांना परवाना देणारा एक नियंत्रक केंद्र शासनाने नेमला. त्या संस्था अर्जदाराची ओळख पटवून ‘ही उघड किल्ली या इसमाची’ असे प्रमाणपत्र देतात, आणि त्या संस्थांच्या स्वतःच्या किल्ल्या नियंत्रक प्रमाणित करतो. म्हणजे शेवटी साक्षीदार आलाच.

याच अधिनियमाचे ४२ वे कलम फारसे कोणी वाचत नाही, ते मात्र वाचावे. गुप्त किल्ली सांभाळण्याची जबाबदारी ते मालकावर टाकते. ती दुसऱ्याच्या हाती गेली तर प्रमाणन संस्थेस विनाविलंब कळवावे, आणि कळवीपर्यंत जे होईल त्याचा भार मालकावर, असे ते म्हणते. आणि आमच्या कचेऱ्यांतून मी काय पाहिले? एका कचेरीत साहेबांची ती किल्ली, म्हणजे संगणकाला जोडावयाची बोटभर लांबीची वस्तू, कारकुनाच्या खणात पडलेली होती आणि तिचा गुप्त क्रमांक चिठ्ठीवर लिहून तिलाच चिकटविला होता. निविदा उघडण्याच्या दिवशी साहेब दौऱ्यावर असले तरी काम अडत नाही, याचे तेथे कौतुकच होते. उद्या हेच साहेब न्यायालयात उभे राहून ‘ही सही माझी नव्हे’ म्हणतील, तर ते अक्षरशः खरे असेल. परंतु सुरक्षित अंकीय सही मालकानेच हेतुपूर्वक केली असे कायदा गृहीत धरतो, आणि ते खोडून काढण्याचे ओझे त्यांच्यावरच पडेल.

किल्ली चोरीस गेली ही सबब लबाडालाही सुचते, हे खरे. सोमवारी करार करावा, बुधवारी भाव उतरला की किल्ली रविवारीच हरवली होती असे सांगावे! म्हणून सहीबरोबर वेळेचीही नोंद लागते, आणि ती दोघांपैकी कोणाच्या घड्याळावरून नव्हे, तर तिऱ्हाइताच्या. मागणीपत्र पोचले नाही या कारखानदाराच्या बतावणीस पोचपावती हाच उपाय. त्याच अधिनियमाने पोचपावतीची अट घालण्याची सोय ठेवली आहे. पावती मिळाल्याखेरीज पत्र बंधनकारक नाही असे धाडणाऱ्याने आधीच कळविले असेल, तर पावतीवाचून ते पाठविलेच नाही असे समजले जाते.

या साऱ्या खटाटोपात एक धोका आहे. खोटी नाकबुली बंद करता करता खरी नाकबुलीही बंद होऊ शकते. ज्याच्या खात्यातून त्याच्या नकळत पैसे गेले, तो निवृत्त शिक्षक काय म्हणणार? तोही हेच म्हणणार की, हे मी केले नाही. त्याच्यापाशी गणित नाही, नोंदवही नाही, वकीलही नाही. यास्तव ६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना जे आदेश दिले, त्यांचे महत्त्व मला कोणत्याही किल्लीहून अधिक वाटते. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार त्यांनी बँकेवर ठेवला. आणि दोष बँकेचाही नाही व ग्राहकाचाही नाही अशा प्रसंगी, बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तक्रार केली तर ग्राहकावर कसलाही भुर्दंड नाही, असे ठरविले. ग्राहकानेच आपला गुप्त अंक दुसऱ्यास सांगितला असेल, तर मात्र तक्रार करीपर्यंतचे नुकसान त्याचे.

एका दस्तऐवजाला या नव्या सहीपासून कायद्याने अजून दूर ठेवले आहे. तो म्हणजे मृत्युपत्र. त्याविषयी वाद उभा राहतो तेव्हा सही करणारा हयात नसतो. कबूल करावयासही नाही आणि नाकबूल करावयासही नाही. तेथे आजही कागद लागतो, आणि निदान दोन साक्षीदार लागतात.