रोज एक इंग्रजी शब्द शिका, पण कोणता?

आमच्या वस्तीतील विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. तिथे येणाऱ्या एका मुलीला कॉलेजचे पत्र आले. त्यात ‘प्रोव्हिजनल ॲडमिशन’ असे लिहिले होते. ‘ॲडमिशन’ घरात सर्वांना कळले, ‘प्रोव्हिजनल’ कोणालाच कळले नाही. प्रवेश तात्पुरता आहे, कागदपत्रे मुदतीत द्यायची आहेत, हे समजेपर्यंत मुदत संपली. एका शब्दापायी तिचे वर्ष गेले.

रोज एक नवा इंग्रजी शब्द शिका, हा सल्ला आपण नेहमी ऐकतो. सल्ला चांगलाच आहे. पण मोबाइलवर आलेले भारदस्त शब्द नुसते पाठ करून उपयोग नाही. जो शब्द पुन्हा भेटत नाही, तो विसरतो. म्हणून शब्द आपल्या गरजेतून निवडावा. शिष्यवृत्तीचा अर्ज, नोकरीची जाहिरात, बँकेची नोटीस हीच आपली पुस्तके. ‘एलिजिबल’ म्हणजे पात्र, ‘मँडेटरी’ म्हणजे बंधनकारक.

पद्धत सोपी आहे. वहीत शब्द, त्याचा अर्थ आणि तो जिथे भेटला ते वाक्य लिहा. सोबत त्याचे भाऊबंद लिहा : इक्वल, इक्वली, इक्वॅलिटी, अनइक्वल. मग स्वतःचे एक वाक्य तयार करा. दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी अर्थ झाकून आठवून पाहा. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवण्याने शब्द पक्का होतो. रविवारी नवा शब्द नको, फक्त उजळणी. तरीही वर्षाला ३१२ शब्द होतात.

सुरुवात संविधानाच्या उद्देशिकेपासून करा. त्यातला ‘फ्रॅटर्निटी’ म्हणजे बंधुता. त्याच्या मुळाशी भाऊ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. संविधान सभेच्या उद्दिष्टांच्या ठरावात हा शब्द नव्हता. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तो उद्देशिकेत आणला. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असे त्यांनी १९५४ साली आकाशवाणीवरील भाषणात सांगितले. एक शब्द नीट शिकला, तर एवढा इतिहास हाती लागतो.

सावित्रीबाईंनी १८५४ सालच्या ‘काव्यफुले’मध्येच इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मूळ इंग्रजीत लिहिला. आज वही घ्या, पहिला शब्द लिहा. अर्ज तर स्वतः भराच, पण एक दिवस तो ग्रंथही बाबासाहेबांच्या मूळ शब्दांत वाचा.

जय भीम!