जुन्या मोटारी आणि एंजिन स्वच्छ करणारी तेले : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

एंजिनाच्या आतील मळ काढून टाकण्याचे आश्वासन देणारी वंगणतेले अलीकडे बाजारात आली आहेत. जुन्या मोटारीच्या मालकास या आश्वासनाचा मोह पडणे साहजिक आहे. तथापि या तेलांनी मळ निघतो किंवा नाही, एवढाच प्रश्न नाही. निघालेला मळ कोठे जातो आणि तो निघाल्यावर एंजिनाच्या झिजलेल्या भागांचे काय होते, हा खरा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

'जुनी मोटार' या संज्ञेत निरनिराळ्या पिढ्यांची वाहने मोडतात. उत्तरपाडा येथे तयार होणाऱ्या अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मारुती ८०० चे उत्पादनही त्याच वर्षी बंद झाले. मुंबईत कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी त्यापूर्वीच इतिहासजमा झाली होती. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते व त्यानंतर वाहन सुस्थितीत असल्यास ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. त्यामुळे उत्पादन थांबले तरी या मोटारी एकदम रस्त्यावरून नाहीशा होत नाहीत. ज्याच्या शेताचे, दुकानाचे किंवा भाड्याच्या धंद्याचे काम अशा वाहनावर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने एंजिन बिघडणे म्हणजे उपजीविकेत खंड पडणे होय.

एंजिनात मळ साचण्याची कारणे दोन प्रकारची आहेत आणि वर्धा जिल्ह्यात ती दोन्ही एकत्र येतात. पहिले कारण उष्णतेचे. मे महिन्यात येथील हवेचे तापमान ४५ अंश सेल्सियसपलीकडे जाते. तेलाचे तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की त्याच्या ऑक्सिडीभवनाचा वेग स्थूलमानाने दुप्पट होतो. तेल आंबट होते, दाट होते आणि दट्ट्याच्या कड्यांभोवती लाखेसारखा कठीण थर बसतो. दुसरे कारण अल्प प्रवासाचे. वर्धा ते सेवाग्राम हे अंतर अवघे ८ किलोमीटर आहे. हिवाळ्यात सकाळी एवढ्या प्रवासात एंजिन पुरते तापत नाही. जळणातून निर्माण झालेली पाण्याची वाफ क्रँकपेटीत थंड होऊन तेलात मिसळते, न जळलेले पेट्रोलही त्यात उतरते आणि मऊ, चिकट गाळ तयार होतो. काळ्या मातीच्या गाडीवाटांवरील धूळ हवेच्या गाळणीतून निसटली, तर तीही त्यात भर घालते. कठीण थर आणि मऊ गाळ यांतील भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

आजच्या कोणत्याही चांगल्या तेलात स्वच्छतेची दोन द्रव्ये असतातच. त्यांपैकी प्रक्षालके ही बहुधा कॅल्शियम वा मॅग्नेशियमची संयुगे असून ती आम्लांचे उदासिनीकरण करतात आणि तप्त धातूवर थर बसू देत नाहीत. परिक्षेपके मळाचे सूक्ष्म कण तेलात तरंगते ठेवतात. तेल बदलल्यावर ते लवकर काळे होते, याचा अर्थ पुष्कळदा ही द्रव्ये आपले काम करीत आहेत, एवढाच असतो. विशेष स्वच्छक तेलांत या द्रव्यांचे प्रमाण वाढविलेले असते किंवा एस्टर वर्गातील विद्रावक घटक मिसळलेले असतात. काही मिनिटे एंजिन चालवून ओतून द्यावयाची धुलाईद्रव्ये याहून वेगळी होत. त्यांतील विद्रावक जलद काम करतात, आणि वेग हाच त्यांचा मुख्य दोष ठरतो.

पहिला तोटा गाळाच्या स्थलांतराचा आहे. मऊ गाळ एकदम सुटला तर त्याचे तुकडे तेलपात्रात उतरतात आणि पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर जाऊन बसतात. ही जाळी मुख्य गाळणीच्या अलीकडे असते. त्यामुळे नवी गाळणी बसविल्याने येथील अडथळा दूर होत नाही. जाळी तुंबली की तेलाचा दाब उतरतो, बेअरिंगांना तेल मिळेनासे होते आणि थोड्याच वेळात ती घासून निकामी होतात. विलिस पद्धतीच्या जुन्या जीपमध्ये तर गाळणीतून तेलाचा केवळ एक अंश जात असे. उरलेले तेल न गाळताच फिरत राही. प्रक्षालकयुक्त तेल जुन्या एंजिनात घालू नये, हा मिस्त्रीलोकांतील जुना समज अशाच एंजिनांच्या अनुभवातून आलेला असून तो निराधार नाही.

दुसरा तोटा गळतीचा. वर्षानुवर्षे तापून कडक झालेल्या रबरी सीलांच्या फटी आणि आकसलेल्या बुचाच्या गॅस्केटांच्या कडा काही वेळा साचलेल्या मळानेच बुजलेल्या असतात. मळ गेला की गळती प्रकट होते. येथे तेलाने सील बिघडविले असे म्हणणे पूर्णपणे यथार्थ नाही. सील आधीच बिघडलेले होते. परंतु मालकाच्या दृष्टीने खर्च तोच.

तिसरा तोटा सर्वांत कमी लक्षात येणारा आहे. प्रीमियर पद्मिनी आणि पूर्वीच्या अँबॅसडर यांच्या एंजिनांत कॅमचा उंचवटा सपाट टॅपेटवर घासत जातो. या घर्षणस्थानी प्रचंड दाब असतो. तेथे झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट हे द्रव्य धातूवर संरक्षक पटल निर्माण करते. प्रक्षालके आणि एस्टर यांनाही धातूच्या पृष्ठाचे आकर्षण असते. म्हणून त्यांचे प्रमाण अधिक असेल तर पृष्ठावरील जागेसाठी स्पर्धा लागते आणि पटल दुर्बळ होऊ शकते. त्यात भर म्हणजे फॉस्फरसामुळे धुराड्यातील उत्प्रेरक निकामी होतो, या कारणास्तव आधुनिक पातळ तेलांत त्याचे प्रमाण कमी केलेले आहे. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या २००४ सालच्या एस.एम. वर्गात अशा तेलांसाठी ०.०८ टक्के ही कमाल मर्यादा आली. २०डब्ल्यू-५० सारख्या दाट तेलांना ती लागू नाही. आधुनिक एंजिनासाठी योजलेले पातळ स्वच्छक तेल उन्हाळ्यात जुन्या, सैल झालेल्या एंजिनात घातल्यास पटल आणि श्यानता या दोन्ही बाजूंनी संरक्षण घटते. रॉकेल ओतून एंजिन धुण्याच्या पद्धतीतही हाच दोष आहे. वाहिन्यांत मागे राहिलेले रॉकेल नव्या तेलालाही पातळ करते.

चौथा तोटा राखेचा. धातुयुक्त प्रक्षालके जळली की राख उरते. निरोगी एंजिनात तेल फारसे जळत नाही. परंतु तेल पिणाऱ्या एंजिनात ही राख ज्वलनकक्षात, झडपांवर आणि स्पार्क प्लगांवर बसते. म्हणजे एका ठिकाणचा मळ काढताना दुसऱ्या ठिकाणी नवा मळ निर्माण होतो.

याचा अर्थ स्वच्छक तेले सर्वथा त्याज्य आहेत असा नव्हे. दट्ट्याच्या तेलनियंत्रक कडीमागील छिद्रे कठीण थराने बुजली की एंजिन तेल पिऊ लागते. अशा वेळी हळूहळू काम करणाऱ्या तेलाने कडी मोकळी होऊन तेलाचा खप कमी होण्याचा संभव असतो. मात्र कडी झिजलेली असेल तर कोणतेही तेल तिला धातू परत देऊ शकत नाही. कडी चिकटली आहे की झिजली आहे, याचा अंदाज घेतल्यावाचून तेल निवडणे म्हणजे निदानाआधी औषध देणे होय.

सबब निर्णय मोटारीच्या वयापेक्षा तिच्या पूर्वेतिहासावर अवलंबून ठेवणे योग्य. ज्या एंजिनात वेळच्या वेळी चांगले तेल बदलले गेले, ते आजवर धुतले जातच आले आहे. त्यास विशेष तेलाने अपाय होण्याचा संभव थोडा आणि लाभही थोडाच. ज्याचा इतिहास अज्ञात आहे, त्याच्या झडपांवरील झाकण काढून आधी पाहावे आणि तेलाचा दाब मोजावा. गाळाचे थर दिसल्यास तेलपात्र खाली उतरवून ते आणि पंपाची जाळी हाताने स्वच्छ करावी. त्यानंतर निर्मात्याने सांगितलेल्या श्यानतेचे साधे परंतु उत्तम तेल घालून ते गाळणीसह नेहमीपेक्षा निम्म्या अंतरावर बदलावे व असे दोन-तीन वेळा करावे. या मार्गाने वेळ अधिक लागतो. परंतु मळ जितका सुटतो तितकाच बाहेर जातो, आणि जुन्या एंजिनाच्या सुरक्षिततेची गुरुकिल्ली या समतोलातच आहे.