विश्लेषण : चाळिशी उलटली, मुले दहावीला आली... तरी हेवी मेटल का सुटत नाही?

ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑसबॉर्न याचे २२ जुलै २०२५ रोजी वयाच्या ७६ व्या वर्षी निधन झाले. त्याआधी अवघ्या १७ दिवसांपूर्वी त्याने बर्मिंगहमच्या व्हिला पार्क मैदानावर सिंहासनावर बसून अखेरची मैफल गायली होती. त्याच्या फोटोचे व्हॉट्सअॅप स्टेटस ठेवणाऱ्यांत कॉलेजची पोरे होतीच. पण सोसायटीच्या कमिटीवर असलेले, गृहकर्जाचे हप्ते भरणारे, ठाणे-डोंबिवली-वसईला राहणारे काका-काकूही होते. त्यांच्या मुलांना आणि शेजाऱ्यांना पडलेला प्रश्न एकच : या वयात हे? हा गोंगाट अजून कसा ऐकवतो? त्याचे उत्तर संगीतात आहे, मेंदूत आहे आणि थोडे मुंबईच्या लोकल गाड्यांतही आहे.

हेवी मेटल म्हणजे नेमके काय?

ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला. हेवी मेटलची सुरुवात साधारणपणे तिथून मानली जाते. बँड बर्मिंगहमचा, म्हणजे कारखान्यांच्या शहरातला. गिटारवादक टोनी आयोमी १७ वर्षांचा असताना कारखान्यातील यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबायचा हात नेमका हाच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली आणि पातळ तारा वापरायला सुरुवात केली. पुढे तारा सैल करून सूरही खाली उतरवले. मेटलच्या जड, खोल आवाजामागे ही दुखापतही आहे.

आपल्या भाषेत सांगायचे, तर मेटल गिटारचा पाया ‘पॉवर कॉर्ड’ म्हणजे फक्त षड्ज आणि पंचम. तानपुऱ्यावर सर्रास छेडली जाणारी हीच जोडी. त्यात गंधार नसल्याने ती ना आनंदी वाटते ना दुःखी. अॅम्प्लिफायरमधून आवाज मुद्दाम फाडला, ज्याला ‘डिस्टॉर्शन’ म्हणतात, तरी सा आणि प एकमेकांत मिसळून भरीव राहतात. त्यावर तीव्र मध्यमासारखा अस्वस्थ करणारा सूर आला, की अंगावर काटा येतो. सॅबथच्या पहिल्याच अल्बमची सुरुवात याच सुरावटीने होते. म्हणजे बाहेरच्याला जो गोंगाट वाटतो, त्याला आत पक्के व्याकरण आहे.

उपनगरातला चाहता घडला कसा?

आज पन्नाशीत असलेल्या मुंबईकर चाहत्याची शाळा म्हणजे धोबीतलावचे रंगभवन. १९८६ मध्ये ‘इंडिपेन्डन्स रॉक’ म्हणजेच ‘आय-रॉक’ सुरू झाला आणि हे खुले नाट्यगृह रॉकप्रेमींचे ठिकाण बनले. चर्चगेट आणि व्हीटी दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे बोरिवलीचा आणि कल्याणचा मुलगा एकाच रांगेत उभा असे आणि शेवटची लोकल पकडून घरी जात असे. मात्र परिसरात रुग्णालय आणि महाविद्यालय असल्याने शांतता क्षेत्राचा नियम आडवा आला आणि २००३ च्या सुमारास तिथल्या मैफली थांबल्या.

तेव्हा संगीत मिळवणे हेच मोठे काम होते. काळा घोडा येथील ‘ऱ्हिदम हाऊस’मध्ये कॅसेट चाळायच्या, एकाने विकत घ्यायची आणि चौघांनी कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायची, असा हिशेब. १९९३ मध्ये अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक निघू लागले आणि देशभरातल्या चाहत्यांना एकमेकांचा पत्ता लागला. पुढच्या पिढीसाठी इंजिनीअरिंग कॉलेजचे हॉस्टेल हीच लायब्ररी झाली. लॅनवर कोणाच्या तरी फोल्डरमध्ये बँडची अख्खी कारकीर्द सापडायची. प्रस्तुत प्रतिनिधीची ओळखही तिथूनच झाली.

मग परदेशी बँड येऊ लागले. आयर्न मेडन मार्च २००७ मध्ये बेंगळूरुला वाजले आणि १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात. त्या जगदौऱ्यात बँडचे स्वतःचे विमान गायक ब्रूस डिकिन्सनच चालवत होता. ऑक्टोबर २०११ मध्ये मेटालिका आणि २०१२ मध्ये स्लेयर बेंगळूरुला आले. तेव्हा रात्रभर बसने प्रवास करून गेलेली पोरे आज चाळिशीच्या आसपास आहेत. ‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६ मध्ये बंद झाले, पण चाहते राहिले.

वयानुसार आवड बदलते, मग ही का टिकते?

आवड बदलते हे खरे आहे. अडीच लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन गोष्टी दिसल्या. वय वाढते तसे आयुष्यातले संगीताचे महत्त्व कमी होत जाते. आणि रॉक-मेटलसारख्या तीव्र संगीताची आवड पौगंडावस्थेनंतर सरासरीने उतरत जाते. म्हणजे चाळिशीतला मेटल चाहता हा सरासरीच्या विरुद्ध पोहणारा माणूस आहे.

तो का पोहतो, याचे एक उत्तर स्मृतीत आहे. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी आयुष्यभर जास्त ठळक राहतात, असे मानसशास्त्र सांगते. त्या काळात ऐकलेले गाणे केवळ गाणे राहत नाही. पहिली नोकरी, तुटलेले प्रेम, गेलेला मित्र हे सगळे त्याला चिकटून येते. किशोरकुमार ऐकून हळवे होणाऱ्या वडिलांचे आणि आयर्न मेडन ऐकून ताठ बसणाऱ्या त्यांच्या मुलाचे यंत्र एकच आहे.

दुसरे उत्तर ओळखीचे आहे. मेटल हे पार्श्वभूमीला वाजत ठेवायचे संगीत नाही. ते शोधावे लागते, त्यासाठी घरच्यांची बोलणी खावी लागतात. ज्यासाठी किंमत मोजली, ते सहज सुटत नाही. ऑफिसात ‘सर’, घरी ‘बाबा’ किंवा ‘आई’, सोसायटीत ‘चारशे दोनवाले’ असलेल्या माणसाला स्वतःचे असे उरलेले हे एक खाते असते. आईच्या बाबतीत तर ते आणखी आकसलेले. मुलांचे डबे, अभ्यास आणि नोकरी यांतून तिला स्वतःसाठी सापडणारा वेळ बऱ्याचदा लोकलमधल्या हेडफोनपुरताच असतो.

हे संगीत माणसाला बिघडवते का?

हा आरोप जुना आहे आणि तो पालकांनीच केला होता. अमेरिकेत १९८५ मध्ये पालकांच्या एका गटाच्या मागणीवरून गाण्यांतील मजकुराविषयी सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. ट्विस्टेड सिस्टर बँडचा गायक डी स्नायडर तिथे साक्षीला गेला. आपण तीस वर्षांचे, विवाहित आणि तीन वर्षांच्या मुलाचे वडील आहोत, हे त्याने सुरुवातीलाच सांगितले. ‘पालक विरुद्ध मेटल’ अशी लढाई रंगवली जात असताना समोर बसलेला मेटलवालाच पालक होता. पुढे १९९० मध्ये नेवाडा राज्यात ज्युडास प्रीस्ट या बँडवर खटला चालला. गाण्यातील छुप्या संदेशामुळे दोन तरुणांनी स्वतःवर गोळी झाडली, असा दावा होता. न्यायालयाने तो फेटाळला.

संशोधन काय सांगते? ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या २०१५ मधील प्रयोगात ३९ मेटल चाहत्यांना आधी राग येईल असे प्रसंग आठवायला लावले आणि मग काहींना त्यांच्या आवडीचे संगीत ऐकू दिले. त्यांचा राग त्या संगीताने वाढला नाही. उलट त्यांना उत्साही, प्रेरित वाटले. त्याच वर्षीच्या एका अमेरिकी अभ्यासात १९८० च्या दशकातील चाहत्यांना मध्यमवयात गाठले. त्यांचे तारुण्य धोक्याच्या सवयींनी भरलेले होते, पण त्या काळात ते समवयस्कांपेक्षा आनंदी होते आणि आता अधिक स्थिरस्थावर आहेत, असे दिसले.

मात्र या निष्कर्षांना मर्यादा आहेत. पहिला प्रयोग लहान आहे. दुसऱ्यात लोकांनी स्वतःच आपली माहिती दिली आणि ज्यांची घडी विस्कटली ते अशा पाहणीपर्यंत पोहोचतच नाहीत. त्यामुळे ‘मेटल ऐका, सुखी व्हा’ असे म्हणता येणार नाही. ‘मेटल ऐकतो म्हणून वाया गेला’ असेही म्हणता येणार नाही, इतके नक्की.

फ्लॅटमध्ये आवाज किती ठेवायचा?

उपनगरातल्या चाहत्यासमोरचा खरा अडथळा टीका नव्हे, भिंत आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. विसर्जनाचा डीजे निमूट सहन करणारे शेजारी तुमच्या गिटारवर कुरकुर करतात, हे दुःख खरे असले तरी नियम दोघांनाही लागू आहे.

यात एक तांत्रिक मुद्दा आहे. भिंत आणि स्लॅब उंच पट्टीचा आवाज बऱ्यापैकी अडवतात, खर्जातला कमी अडवतात. त्यामुळे शेजाऱ्याला गिटारची सुरावट पोहोचतच नाही. त्याच्या वाट्याला येते ती फक्त ड्रमची धडधड. सबवूफर थेट फरशीवर न ठेवणे आणि बेस कमी करणे, एवढ्याने निम्मी भांडणे टळू शकतात.

उरतो हेडफोन. तिथे शेजारी सुटतो, पण कान अडकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा आहे. लहान मुलांसाठी ती ७५ आहे. डेसिबलची मोजपट्टी सरळ रेषेत चालत नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे चार तास आणि १०० डेसिबलला फक्त २० मिनिटे. लोकलच्या खडखडाटावर मात करायला आपण आवाज वाढवतो आणि तो कोटा दोन दिवसांत संपवतो. बाहेरचा आवाज कमी करणारे हेडफोन इथे उपयोगी पडतात, कारण त्यात कमी आवाजातही नीट ऐकू येते. कानात सतत शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. गेलेली श्रवणशक्ती सहसा परत येत नाही.

आणि मान?

तालावर मान झटकणे, म्हणजे ‘हेडबँगिंग’, हा या संगीताचा नाच. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी २००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या नाताळच्या हलक्याफुलक्या अंकात त्याचे गणित मांडले होते. मान झटकण्याजोग्या गाण्यांचा सरासरी वेग मिनिटाला १४६ ठोके आहे. या वेगाला मान ७५ अंशांपेक्षा जास्त हलली, तर डोक्याला सौम्य दुखापत होऊ शकते. उपाय साधे : झटका लहान ठेवा, किंवा दर दुसऱ्या ठोक्याला मान हलवा. दिवसभर लॅपटॉपपुढे वाकून बसणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यावे.

मुलांना ऐकवावे का?

मेटलच्या शब्दांत युद्ध, मृत्यू, व्यसन, देवा-सैतानाचे झगडे असतात. सगळेच सहा वर्षांच्या मुलासाठी नसते. म्युझिक अॅपवर आक्षेपार्ह शब्द असलेल्या गाण्यांपुढे ‘ई’ खूण असते आणि अशी गाणी बंद ठेवायची सोयही अनेक अॅपच्या सेटिंगमध्ये असते. १९८५ च्या त्या सुनावणीच्या काळातच अल्बमवर पालकांसाठी इशाऱ्याचे लेबल आले. ही खूण त्याचाच वारसा. फिनलंडमध्ये तर ‘हेविसॉरस’ नावाचा खास लहान मुलांचा मेटल बँड आहे. वादक डायनोसॉरच्या वेशात येतात. मोठ्या मुलांसाठी दिल्लीच्या ‘ब्लडीवूड’ची गाणी ऐकता येतील. त्यांत हिंदी-पंजाबी शब्द आणि ढोल आहे. हा बँड २०१९ मध्ये जर्मनीतील प्रसिद्ध वाकेन महोत्सवात वाजला.

तरीही मुलाला मेटल आवडेलच, असे नाही. बापाचे बंड मुलासाठी बंड उरत नाही. ते घरातले नेहमीचे संगीत होते, जसे आपल्याला नाट्यगीत होते. त्याला के-पॉप आवडले, तर ‘हे काय ऐकतोस’ हे वाक्य गिळण्याची पाळी आता आपली. ते वाक्य आपण किती वेळा ऐकले होते, हे आठवले तर गिळणे सोपे जाते. मूल एकदम अबोल झाले, झोप-जेवण बिघडले, तर मात्र प्लेलिस्टला दोष देत बसू नये. त्याच्याशी बोलावे आणि गरज पडल्यास तज्ज्ञांची मदत घ्यावी.

पुढे काय?

आय-रॉक २०२२ मध्ये मुंबईत परतला, माझगावला. बेंगळूरुत २०१२ पासून ‘बेंगळूरु ओपन एअर’ हा खास मेटलचा महोत्सव सुरू झाला. मुंबईच्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ या २००० साली सुरू झालेल्या बँडचा गायक साहिल मखिजा यूट्यूबवर ‘हेडबँगर्स किचन’ नावाने कीटो आहाराच्या पाककृती दाखवतो. चाहते मध्यमवयात शिरले, तसे वादकही शिरले आहेत.

तेव्हा मैफलीला जायचे असेल, तर तयारी वयाला शोभेल अशी हवी. खिशात फोमचे इअरप्लग, मूल सोबत असेल तर त्याच्यासाठी कान झाकणारे इअरमफ, पायात धड बूट आणि मागे उभे राहायला जागा. मॉश पिट, म्हणजे मंचापुढची धक्काबुक्की, विशीतल्यांना सोडून द्यावी. आणि शेवटच्या लोकलची वेळ आधी पाहून ठेवावी. ती तेव्हाही चुकवून चालत नव्हती. आता तर सकाळी सातला शाळेची बस येते.